गुरांची वाट

आमच्या घराचं पुढचं दार कोणतं आणि मागचं कोणतं, असं लहानपणी मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दोन्ही दारांसमोरून माणसं जायची. डोंगरातल्या वाड्यांवरून उतरणारी वाट तात्यांच्या शेतातून खाली यायची, आमच्या अंगणात शिरायची, गोठ्याला वळसा घालून ओढ्यात उतरायची आणि पलीकडे पौडच्या बाजाराच्या दिशेला लागायची. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, चुलतभाऊ. त्यांचं शेत आमच्या वरच्या अंगाला. कासार आंबोली हे आमचं गाव खाली राहायचं आणि आमचं घर वर एकटंच होतं, पण एकटं आहे असं कधी वाटायचं नाही. सकाळी डोळे उघडायच्या आत बाहेर पावलं वाजायला लागायची. आई चुलीपाशी बसल्या बसल्या पावलांवरून माणूस ओळखायची. "आली बग चाफ्याची आई, आज पाय वडतीया," असं ती म्हणायची आणि बाहेर जाऊन पाहावं तर खरंच तीच असायची.

वाट कुणाच्याच मालकीची नव्हती. तात्या नांगरत वाटेपाशी आले की नांगर उचलायचे, बैल पलीकडे न्यायचे आणि तिथं पुन्हा फाळ टेकवायचे. भात लावतानाही तेवढा पट्टा मोकळा सुटायचा. तो सोडा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी सोडलेला होता, एवढंच. आमच्या अंगणाच्या कडेला, वाट आत शिरायची तिथं, एक कमरेएवढा चपटा दगड होता. डोंगरातून लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या बाया त्याच्यावर मोळी टेकवायच्या, पदरानं मान पुसायच्या आणि आमच्या रांजणातलं पाणी प्यायच्या. टेकवणं एकटीला जमायचं. उचलायला मात्र दुसरीचा हात लागायचाच. निघताना बाई मोळीपाशी उभी राहून हाक मारायची, "हात लाव गं बाय." समोर कुणी दिसत नसलं तरी मारायची, कारण कुणी ना कुणी येणारच. बहुतेक वेळा आईच जायची. हाताला पीठ असलं तर कोपरानं मोळीला रेटा द्यायची. मोळी डोक्यावर बसली की त्या बाईला मान वळवता यायची नाही. निरोपाचं बोलणं ती समोर बघतच बोलायची आणि चालू लागायची. मी ते इतक्या वेळा पाहिलं होतं, की जगात सगळीकडे माणसं असाच निरोप घेतात अशी माझी समजूत होती.

आता मी धाकट्या मुलाकडे महाळुंग्याला राहते, अकराव्या मजल्यावर. समोरच्या इमारतीत माझ्याच वयाच्या एक बाई आहेत. त्यांच्या गॅलरीत आज कोणती साडी वाळत घातली आहे तेही मला इथून दिसतं. पण त्यांच्याकडे जायचं तर आमच्या फाटकातून बाहेर पडायचं, मोठ्या रस्त्यानं दूरवर जायचं, वळून परत यायचं, त्यांच्या फाटकावर वहीत नाव लिहायचं आणि वरून परवानगी येईपर्यंत उभं राहायचं. गुडघ्यांना ते झेपत नाही. मध्ये आहे काय, तर एक भिंत. मुलगा म्हणतो, आई, सुरक्षिततेसाठी असतं ते. असेल बापडं. आम्ही दोघी हात हलवतो आणि आपापल्या घरात जातो.

पण सांगत होते आईचं. आईला माहेर नव्हतं. म्हणजे होतं, ते मुळशीच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. ती तीन-चार वर्षांची असताना गाव उठलं. आजी-आजोबा इकडेतिकडे आसऱ्याला राहिले आणि लवकरच गेले. एक मामा होता तो मुंबईला गिरणीत लागला आणि तिकडचाच झाला. सणाला बाकीच्या बाया माहेरी निघाल्या की आई त्या दिवशी हमखास कणगी सारवायला काढायची. कुणी काही विचारू नये म्हणून काढलेलं काम होतं ते. मला हे फार उशिरा कळलं.

आईच्या गावाची तिला आठवण नव्हती. तिच्या वतीनं आठवण होती ती धुरपामावशीला. धुरपामावशी डोंगरातल्या वरच्या वाडीवरची, आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, काटक, आणि तोंडानं फटकळ. लहानपणी ती तिच्या आईबरोबर भात झोडायला त्या गावात जायची. त्यामुळे पाण्याखालचं सगळं गाव तिला पाठ होतं. ती बाजाराच्या दिवशी यायची, पावसाळा सरला की लाकडं, उन्हाळ्यात करवंदं, मधल्या दिवसांत हिरडा. मोळी दगडावर टेकवली की ती रांजणाजवळ बसायची आणि आई तिच्यासमोर हुलग्याचं माडगं नाहीतर नाचणीची भाकरी ठेवायची. भाकरी मोडता मोडता धुरपामावशी गावातली एक गोष्ट सांगायची. एकच. चिंचेखालच्या पाराचा एक कोपरा कसा ढासळला होता, देवळाची घंटा कुणी दिली होती, आईच्या घराला किती पायऱ्या होत्या. आईला दर वेळी वाटायचं की अजून एक सांगावी.

"आन आमच्या दारात काय हुतं गं?"

"जांभळ हुती. पर ती फुडल्या बाजाराला. आज मला उशीर झालाय. चल, हात लाव."

आई हसायची आणि हात लावायची. आठ दिवस मग ती कामं करता करता मध्येच थांबून म्हणायची, "आमच्या दारात जांभळ हुती, शेवंते." जांभळीबद्दल अजून काहीच सांगितलेलं नसायचं, तरी आईला ती दिसायला लागलेली असायची. घरात आंबेमोहोर शिजायचा तो पाहुणे आले तरच. धुरपामावशीला मात्र आईनं दोनदा तो वाढल्याचं मला चांगलं आठवतं. दोन्ही वेळा आबा घरात नव्हते.

मी नऊ-दहा वर्षांची असेन तेव्हा मोजणीवाले आले. पुण्याहून पौडला जाणारी सडक रुंद होणार, मोटारी चालणार, फाटे निघणार, असं काहीसं चाललं होतं. त्यांच्याकडे जमीन मोजायची साखळी होती. मुळशीत साखळी दिसली की माणसं धास्तावायची, कारण धरणाच्या आधीही अशीच साखळी आली होती आणि मग गावं गेली होती. खाली गावात बैठक बसली. जुनी वाट असेल तिथूनच सरकार सडक नेतं, शिवाय वाट म्हणजे सगळ्यांची, तिच्याखालच्या जमिनीचं काही मिळत नाही, असं कुणीतरी बोललं. ते खरं होतं की खोटं, देव जाणे. पण सगळ्यांचं ठरलं की विचारलं तर सांगायचं, आमच्या रानात वाट नाही. आबांनी ते घरी येऊन सांगितलं आणि आई म्हणाली, "बरं झालं. न्हाई म्हनूनच सांगा. माजं एक गाव त्या साखळीनं नेलंय." मग ती माझ्याकडे वळली. "शेवंते, तुला इचारलं तर म्हनायचं, ती गुरांची वाट हाय. गुरं जात्यात हितनं, मानसं न्हाई."

त्यांच्यातले मोठे मोजणीदार चांगले होते. डोक्यावर टोपी, हातात नकाशाची गुंडाळी, बोलणं पुण्याचं. त्यांनी अंगणातली वाट पाहिली. तळव्यांनी घासून घासून ती गुळगुळीत झालेली होती. दगड पाहिला, रांजण पाहिला. आबांनी नाही म्हटल्यावर ते नुसते हसले आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"बाळ, तू सांग. लहान मुलं खोटं बोलत नाहीत. इथून कोण जातं?"

मी आईकडे पाहिलं. ती दारात उभी होती, हात पदरात गुंडाळलेले.

"गुरं," मी म्हणाले. "ती गुरांची वाट हाय."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि आबांचा अंगठा घेतला. ते गेल्यावर आईनं मला जवळ ओढून गूळ दिला. खोटं बोलल्याबद्दल गूळ मिळाल्याचा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग, आणि गूळ गोड लागला होता हे मी लपवणार नाही.

सडक आमच्याकडे आलीच नाही. ती खालून, ओढ्याच्या पलीकडून, सरळ गेली. सगळ्यांना हायसं वाटलं. वर्षा-दोन वर्षांत एसटी सुरू झाली. भोंगा वाजला की आमचे बैल कान टवकारायचे. पुणं पूर्वी बैलगाडीनं पहाटे निघून गाठायचं गाव होतं, ते आता सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायच्या अंतरावर आलं. त्या सडकेला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. तिच्यामुळे मी पुण्याला आत्याकडे राहून शिकले, मास्तरीण झाले, चार पैसे माझ्या हातानं खर्च केले. पण एक गोष्ट तेव्हापासून पाहत आले आहे. आमच्या जुन्या वाटा घरातून घरात आणि वाडीतून वाडीत जायच्या. सडक आली ती प्रत्येक गावाला पुण्याशी जोडत आली, शेजारच्या गावाशी नाही. पुढं पुण्यातून जे रस्ते आमच्याकडे पसरत आले, ते सगळे झाडाच्या फांद्यांसारखे आले. एका फांदीवरून दुसरीवर जायचं तर खोडापर्यंत उतरावं लागतं. मुंगीला विचारा तिला किती चालावं लागतं ते.

सडकेमुळे जमिनीला गिऱ्हाईक आलं. पुण्यात पूर येऊन गेला होता, तिथली माणसं गावाबाहेर सरकत होती, आणि ज्यांच्याकडे पैसा होता ती आणखी लांबचं बघत होती. तात्यांनी वरचं शेत एका पुण्याच्या गृहस्थांना विकलं. त्यांना चिकू आणि आंब्याची बाग करायची होती. माणूस सभ्य होता, आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेला. पुढच्या महिन्यात त्यानं शेताला सगळीकडून काटेरी तार ओढली. नांगर कुठं उचलायचा असतो, हे त्याला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

बाजाराचा दिवस होता. आई चुलीपाशी होती आणि मी बाहेर तांदूळ निवडत होते. वरून हाक आली, "हात लाव गं बाय." पण ती नेहमीच्या ठिकाणाहून आली नाही, फार लांबून आली. आम्ही दोघी बाहेर धावलो. शेताच्या वरच्या टोकाला, तारेपलीकडे, धुरपामावशी डोक्यावर मोळी घेऊन उभी होती. तिच्या मागं आणखी चौघीजणी. आई बांधाबांधानं, झुडपांतून, तारेच्या कडेकडेनं वर गेली. तिच्या पाठोपाठ मी तांब्या घेऊन गेले. आईनं तारेतून तांब्या पलीकडे दिला आणि तिच्या मनगटावर लांब ओरखडा उठला. धुरपामावशी पाणी प्यायली, तार हातानं चाचपून बघितली आणि म्हणाली, "ह्ये कुनी केलं? वाट हाय न्हवं हितं?"

"हाय," आई म्हणाली. "हायच की. आपुन कचेरीत जाऊ. सांगू त्यास्नी."

आठवड्याभरानं आम्ही पौडच्या कचेरीत गेलो. आबा, वाडीवरचे दोन म्हातारे, धुरपामावशी, आई आणि मी. आई त्या दिवशी खुशीत होती. इतका वेळ धुरपामावशीची सोबत तिला पूर्वी कधी मिळाली नव्हती, आणि दोघींच्या डोक्यावर काही नव्हतं, त्यामुळे एकमेकींकडे बघत बोलता येत होतं. गाव उठलं त्या दिवसाबद्दल आईनं विचारलं. हे तिनं आजवर कधीच विचारलं नव्हतं.

"त्या दिशी माजी आय काय करत हुती गं? तू बघितलं हुतंस का?"

"बघितलं की. माज्या डोळ्याम्होरं निगाली ती घरातनं." धुरपामावशीनं आईच्या पाठीवर हात ठेवला. "येताना सांगते. सावकाशीनं सांगायची गोष्ट हाय ती."

कचेरीतले कारकून समजुतीनं बोलणारे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नकाशा काढला, टेबलावर पसरला, आणि बोट फिरवत फिरवत आमच्या घरापाशी आणलं. मग त्यांनी जोडलेला एक कागद उलटला.

"इथं वाट नोंदलेली नाही, मंडळी. तुमच्याच गावानं तसं सांगितलेलं आहे. हा बघा अंगठा." आणि त्यांनी वाचलं, "सदर जागी वहिवाटीचा रस्ता नाही. घरच्या मुलीच्या सांगण्यानुसार, फक्त गुरांची ये-जा."

माझे कान तापले. धुरपामावशीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. ती चिडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं साध्या आवाजात विचारलं, "आमी गुरं व्हय, बाय?"

आईनं तोंड उघडलं, पण तिला काही बोलता आलं नाही. साखळीची भीती, पाण्याखाली गेलेलं गाव, हे सगळं सांगायला त्या क्षणी कुठून सुरुवात करायची, हे तिला सुचलं नसावं. मीच मध्ये पडून म्हणायला हवं होतं की मावशी, माझ्या तोंडून गेलं. मीही गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते, त्या खोट्यापेक्षाही जास्त.

परत येताना धुरपामावशी म्हाताऱ्यांच्या बरोबर पुढे चालली. फाट्यापाशी ती वाडीच्या दिशेला वळली ती न थांबता. आई तिथं उभी राहिली, ती डोंगराच्या आड होईपर्यंत.

त्यानंतर वाडीवरची माणसं डोंगराच्या दुसऱ्या अंगानं थेट सडकेवर उतरायला लागली. तिथं लाकडं घ्यायला मोटार थांबायची, त्यांचीही सोय झाली. आमच्याकडे कुणी यायचं कारणच उरलं नाही. अंगणातल्या वाटेवर पहिल्याच पावसाळ्यात गवत आलं. आई रांजण रोज भरायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पाणी झाडांना घालून पुन्हा भरायची. आबा म्हणायचे, "कशाला भरतीस? कोन येतंय हितं?" तरी भरायचीच. एकदा मी म्हणाले, "आये, मी वाडीवर जाते. मावशीला सांगते, मी बोलले म्हनून." आई भांडी घासत होती. "तुला मीच शिकवलं हुतं," ती म्हणाली. "सांगायचं तर मला सांगाया पायजे." पण ती गेली नाही. तिच्यासारख्या बाईला डोंगर चढून जाऊन माफी मागणं जमण्यासारखं नव्हतं, असं नाही. तोंड दाखवायचा धीर झाला नाही. पुढं कळलं की धुरपामावशी लेकीकडे कोकणात उतरली आणि परत आलीच नाही.

मी पुण्याला गेले. सुट्टीला एसटीनं यायचे, फाट्यावर उतरायचे, ओढा ओलांडून घराकडे चढायचे. चढणीवर मला एकही माणूस भेटायचा नाही. आत्याच्या घरी, कोथरूडकडे नवी घरं उठत होती त्या बाजूला, शेजारी एकमेकांची नावंसुद्धा जाणत नव्हते, आणि इथं नाव घेणारं माणूसच नव्हतं. दोन्हीकडे मला सारखंच सुनं वाटायचं.

एका सुट्टीत, दुपार कलताना, मी अशीच वर चढत होते. अंगणाच्या कडेला आई पाठमोरी दिसली. बांधावरचं गवत कापून तिनं भारा बांधला होता आणि त्या दगडावर टेकवला होता. भाऱ्यावर हात ठेवून ती वर तारेकडे बघत उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. गवत वरून सुकायला लागलं होतं. घरात आबा नव्हते आणि जवळपास कुणीही नव्हतं. मी हाक मारणार होते, एवढ्यात तिनंच हाक दिली, नेहमीच्या, साध्या आवाजात.

"हात लाव गं, धुरपे."

ती एकटी असली की असं बोलायची, हे आबांनी मला मागं सांगितलं होतं. मी पिशवी खाली ठेवली, मागून गेले आणि भाऱ्याला हात लावला. भारा तिच्या डोक्यावर बसला. आता तिला मान वळवता येणार नव्हती. ती म्हणाली, "त्या दिशी माजी आय काय करत हुती, त्ये सांगायचं ऱ्हायलंय तुजं."

मी बोलले तर माझा आवाज ती ओळखणार नाही असं होणं शक्य नव्हतं. पोटच्या पोरीचा आवाज होता. तरी मी म्हणाले, "व्हय बाय." ती चालायला लागली आणि मी तिच्या मागं चालत सांगायला लागले. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. धुरपामावशीकडून ऐकलेल्या सगळ्या बारीकसारीक गोष्टी मी गोळा केल्या आणि उरलेलं मनानं रचलं.

"तुज्या आयनं सकाळी उठून चूल सारवली, बाय. पानी येनार ठावं असून सारवली. दाराम्होरं सडा घातला. जांभळीखाली पडलेली जांभळं येचून तुज्या वटीत घातली. मंग उंबऱ्यावर हळदकुंकू वाह्यलं, तुला कडंवर घेतली आन पायऱ्या उतरली. मागं वळून बघितलं न्हाई तिनं. तू मातर बघत हुतीस, तिच्या खांद्यावरनं. लई येळ बघत हुतीस."

गोठ्यापाशी आई थांबली. तिनं भारा खाली टाकला, पदरानं मान पुसली, मग चेहरा पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिली.

"आशीच करनार ती," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "शेवंते, हातपाय धू. भाकरी टाकते."